वाचकांचे प्रश्न : गुहेतल्या हाडाचे वय ठरते कसे?

गेल्या अंकात दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार या गुहेत सापडलेल्या ‘होमो नालेदी’ या प्राचीन मानवप्रजातीची ओळख करून देणारा लेख आम्ही प्रसिद्ध केला होता. त्यात ‘ही हाडे २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षांपूर्वीची आहेत’ असे एक वाक्य होते. लेखातील इतर मजकुराबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. या एका वाक्याबद्दल मात्र शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच द्यावे असे ठरले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : हाडावर तारीख कोरलेली नसते. मग लाखो वर्षांचा हिशेब कोण आणि कसा मांडतो? आणि मोजमाप शास्त्रशुद्ध असेल, तर एकच आकडा न देता मध्ये एक लाख वर्षांची फट का ठेवली जाते? (जुळे सोलापूर येथील निवृत्त विज्ञान शिक्षक)

उत्तर : पहिली गोष्ट अशी की बहुतेक वेळा वय हाडाचे मोजलेले नसतेच. हाडाच्या वर जे साचले, खाली जे होते आणि आजूबाजूला जे पडलेले होते, त्याचे वय मोजले जाते आणि हाड त्या दोन काळांच्या मध्ये बसवले जाते. म्हणून कालमापनाचा कोणताही आकडा वाचताना ‘मोजले कशाचे?’ हे आधी विचारावे. आपण विचारलेल्या एक लाख वर्षांच्या अंतराचे उत्तरही त्यातच आहे.

नालेदीची हाडे २०१३ मध्ये जमिनीखाली सुमारे ३० मीटर खोलीवरच्या एका दालनात सापडली. तिथे उतरण्याच्या वाटेत एके ठिकाणी फट जेमतेम १८ सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे अंगाने सडपातळ असलेल्या सहा संशोधक महिलांची उत्खननासाठी निवड करावी लागली. हाडांचे आणि दातांचे पंधराशेहून अधिक नमुने वर आले. ते निदान १५ व्यक्तींचे होते. इतकी समृद्ध जागा असूनही वय ठरवण्याच्या दृष्टीने ती अत्यंत गैरसोयीची निघाली. एरवी हाडांसोबत दगडी हत्यारे किंवा इतर प्राण्यांचे सांगाडे असतात आणि ते प्राणी कोणत्या काळात होते हे माहीत असल्यामुळे ढोबळ अंदाज बांधता येतो. इथे त्यांपैकी काहीच नव्हते. २०१५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात वय दिलेले नव्हते. मेंदूचा लहान आकार पाहून ही प्रजाती वीस लाख वर्षांच्या आसपासची असावी, असे अनेक जाणकारांना वाटत होते. हा अंदाज पुढे साफ चुकीचा ठरला. हाडाची ठेवण जुनाट दिसते म्हणून हाड जुने, असा निष्कर्ष काढता येत नाही हे इतक्या ठळकपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

वय ठरले २०१७ मध्ये, आणि त्यासाठी दोन निरनिराळे पदार्थ कामी आले. पहिला पदार्थ म्हणजे हाडे असलेल्या मातीवर गुहेतल्या पाण्याने चढवलेले चुन्याचे कठीण पापुद्रे. चुनखडकातून झिरपणाऱ्या पाण्यात अत्यल्प युरेनियम विरघळलेले असते. थोरियम मात्र पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे असा पापुद्रा नव्याने जमतो तेव्हा त्यात युरेनियम असते आणि थोरियम जवळजवळ नसते. पुढे युरेनियमचा किरणोत्सारी ऱ्हास होऊन थोरियम तयार होत जाते, आणि आज त्या दोहोंचे प्रमाण पाहून पापुद्रा कधी जमला ते काढता येते. ही पद्धत साधारण पाच लाख वर्षांपर्यंत विश्वासार्ह असते. हाडांवरच्या मातीला झाकणाऱ्या पापुद्र्यांपैकी सर्वांत जुन्याचे वय २ लाख ३६ हजार वर्षे आले. झाकण नंतर बसते, म्हणून हाडे त्यापेक्षा तरुण असू शकत नाहीत.

दुसरा पदार्थ म्हणजे खुद्द नालेदीचे दात. आजूबाजूच्या माती-दगडांतील किरणोत्सारामुळे दाताच्या एनॅमलमध्ये इलेक्ट्रॉन अडकत जातात आणि जितका काळ जावा तितके जास्त अडकतात. त्यांची मोजदाद इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या तंत्राने होते. मात्र दाताने युरेनियम केव्हा आणि किती शोषले हे गृहीत धरावे लागत असल्यामुळे त्यातून मिळालेले ३ लाख ३५ हजार हे कमाल वय मानले गेले. म्हणजे दिलेल्या अंतराचे एक टोक पापुद्र्याचे आणि दुसरे टोक दाताचे आहे. ही मोजणाऱ्याची अनिश्चितता नव्हे. ‘यापेक्षा अलीकडचे नाही आणि यापेक्षा जुने नाही’ अशी ती दोन स्वतंत्र विधाने आहेत. नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांना एकमेकींचे निकाल न कळवता दिले होते, हेही नोंदवायला हवे. अशा ठिकाणी एकच नेमका आकडा छापून आला असता, तर उलट शंका घ्यावी लागली असती.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात प्राचीन वस्तूंचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढतात असे दिले आहे. तुमच्या लेखात तिचा उल्लेखही नाही, असे का? (सोलापूर येथील अकरावीची विद्यार्थिनी)

उत्तर : कारण नालेदीच्या हाडांत कार्बन-१४ उरलेलाच नाही. विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली आणि त्यांना १९६०चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणारी ही पद्धत उत्तम आहे. पण तिला मर्यादा आहे. जीव जिवंत असेपर्यंत हवेतला आणि अन्नातला कार्बन घेत राहतो, मेल्यावर घेणे थांबते आणि शरीरातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. गणित करून पाहा : ४० हजार वर्षांनंतर मूळच्या शंभर भागांपैकी एक भागसुद्धा शिल्लक राहत नाही. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही.

त्याहून मोठी अडचण भेसळीची आहे. कार्बन-१४ पूर्णपणे संपलेल्या, समजा दहा लाख वर्षांच्या, एखाद्या हाडात आजचा कार्बन अवघा एक टक्का मिसळला, तरी यंत्र त्याचे वय सुमारे ३७ हजार वर्षे दाखवते. हा एक टक्का कुठूनही येऊ शकतो : झाडाच्या बारीक मुळ्या, मातीतली आम्ले, हाड टिकावे म्हणून संग्रहालयात चढवलेला सरस. वेल्समधील पॅविलंड गुहेचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १८२३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांना तिथे गेरूने माखलेला एक सांगाडा सापडला. त्यांनी तो रोमन काळातील स्त्रीचा ठरवला, आणि ‘रेड लेडी’ हे नाव त्याला जे चिकटले ते कायमचेच. तो सांगाडा प्रत्यक्षात एका तरुण पुरुषाचा आहे. १९६०च्या दशकात कार्बन पद्धतीने त्याचे वय सुमारे १८ हजार वर्षे निघाले. पुढे हाडातील कोलॅजेन हे प्रथिन वेगळे काढून ते अधिकाधिक स्वच्छ करण्याची तंत्रे आली तसतसा आकडा मागे सरकत गेला आणि आज तो ३३ ते ३४ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. हाड तेच होते आणि पद्धतही मूलतः तीच होती. फरक पडला तो नमुना स्वच्छ करण्यात.

आणखी एक लक्षात ठेवावे. वातावरणातील कार्बन-१४चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. त्यामुळे यंत्रातून येणारे ‘कार्बन वर्ष’ हे पंचांगातले वर्ष नसते. झाडांच्या वर्तुळांवरून आणि इतर नोंदींवरून तयार केलेल्या तक्त्याशी ते जुळवून घ्यावे लागते. जुन्या पुस्तकातील आणि नव्या लेखातील आकडे जुळले नाहीत, तर अनेकदा एवढेच कारण असते. आपल्याकडे नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटरमध्ये अत्यल्प नमुन्यावर हे मापन करण्याची सोय आहे.

प्रश्न : जितके खोल, तितके जुने, असे आम्ही समजतो. विहीर खणताना तसेच दिसते. गुहेतही हाच नियम चालतो ना? मग इंडोनेशियातील बुटक्या माणसाचे वय आधी १८ हजार वर्षे आणि नंतर ६० हजारांहून जास्त, असे कसे झाले? शास्त्रज्ञ अंदाजाने बोलतात की काय? (बार्शी तालुक्यातील एक शेतकरी वाचक)

उत्तर : आपण काळ्या रानात राहता, त्यामुळे हा नियम कुठे मोडतो हे आपण दर उन्हाळ्यात पाहिलेलेच असणार. चैत्र-वैशाखात काळी माती आटते आणि तिला हात जाईल एवढ्या रुंद, कमरेइतक्या खोल भेगा पडतात. वर पडलेला बांगडीचा तुकडा किंवा बाजरीचा दाणा त्या भेगेत गेला, मृगाच्या पावसाने माती फुगून भेग मिटली, की तो तुकडा कमरेइतका खोल जाऊन बसतो. उद्या कोणी तिथे खणले आणि केवळ खोली मोजली, तर कालचा तुकडा हजार वर्षांपूर्वीचा ठरेल. गुहेत भेगांचे काम उंदीर-घुशींची बिळे, झाडांची मुळे आणि छतातून ठिबकणारे पाणी करते. साळिंदर तर बाहेरची हाडे गोळा करून आत आणते आणि कुरतडत बसते. शिवाय माणसे आपल्या मृतांना खड्डा खणून पुरत असतील, तर तो देह आपल्या काळाच्या थरात न राहता खालच्या, जुन्या थरात जातो.

म्हणून उत्खननात खोलीपेक्षा थराला महत्त्व असते. गुहेच्या जमिनीवर सुतळी ताणून एकेक मीटरचे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनात माती सरसकट न काढता रंग, कणांची जाडी आणि घट्टपणा बदलला की तिथे थांबतात, नव्या थराला नवा क्रमांक देतात आणि मगच पुढे जातात. एका थरातसुद्धा थापीने काही सेंटिमीटरच माती खरवडली जाते. हाडाची कड दिसली की लोखंडी थापी बाजूला ठेवतात आणि बांबूची चपटी काडी व मऊ कुंचला हाती घेतात, कारण लोखंडाचा ओरखडा हाडावर उठला, तर तो प्राचीन माणसाने हत्याराने केलेल्या खुणेसारखा दिसू शकतो. हाड उचलण्यापूर्वी एका पक्क्या खुणेपासून त्याची तीन मापे घेतात : उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि खोली. छायाचित्र, रेखाटन आणि चिठ्ठी झाल्याशिवाय ते जागचे हलत नाही. निघालेली सगळी माती बारीक चाळणीतून, बहुधा पाण्याखाली, चाळली जाते. दात, बोटांची हाडे आणि उंदरांचे जबडे मिळतात ते इथेच. चौकोनांच्या मध्ये माती न खणता एक भिंत उभी सोडलेली असते. तिच्या उभ्या छेदावर सगळे थर ओळीने दिसतात. वयाचे नमुने घ्यायला येणारा तज्ज्ञ जागेवर आला की हाडांकडे पाहण्याआधी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहतो, तो याचसाठी.

आता आपण विचारलेले उदाहरण. फ्लोरेस बेटावरील लियांग बुआ गुहेत २००३ मध्ये सुमारे सहा मीटर खोलीवर जेमतेम एक मीटर उंचीच्या एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा मिळाला. हाडे दगड झालेली नव्हती. ती इतकी ओलसर आणि मऊ होती की तशीच उचलली असती तर हातातच विरघळली असती. सांगाड्याजवळच्या कोळशाचे कार्बन-१४ने वय काढले ते १८ हजार वर्षांच्या आसपास आले आणि ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ ही प्रजाती अगदी अलीकडेपर्यंत, म्हणजे आपल्यासारख्या माणसांनी जगभर पाय पसरल्यानंतरही तग धरून होती, असे २००४ मध्ये जाहीर झाले. वर्तमानपत्रांना असा मथळा हवाच असतो.

कोळशाचे वय बरोबर होते. चूक होती ती तो कोळसा आणि ती हाडे एकाच थरातली मानण्यात. २००७नंतर उत्खननाचा विस्तार वाढवला तेव्हा दिसले की गुहेतल्या जुन्या गाळाचा काही भाग कधीतरी वाहून गेला होता आणि उरलेल्या भागाची उतरती कड तयार झाली होती. पुढे हजारो वर्षांनी नवा गाळ आला तो त्या उताराला टेकून भरला. त्यामुळे एकाच पातळीवर इकडे जुनी माती आणि हातभर अंतरावर तिकडे नवी माती, अशी स्थिती झाली. सुरुवातीच्या लहान खड्ड्यांत हा तिरका सांधा ओळखू आला नाही. २०१६ मध्ये सुधारित निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हाडे १ लाख ते ६० हजार वर्षांपूर्वीच्या गाळातली आणि दगडी हत्यारे १ लाख ९० हजार ते ५० हजार वर्षांपूर्वीची. खुद्द हाडांमधील युरेनियमवरूनही ६६ ते ८७ हजार वर्षे असा काळ मिळाला. तेव्हा शास्त्रज्ञ अंदाजाने बोलतात, असे मी म्हणणार नाही. त्याच गटातील काही संशोधकांनी त्याच गुहेत पुन्हा खणून स्वतःचाच निष्कर्ष खोडून काढला. हे अंदाजाने बोलणाऱ्यांचे लक्षण नव्हे. मात्र पहिल्या बातमीला मिळालेल्या जागेच्या दहाव्या हिश्श्यानेही दुसरीला जागा मिळाली नाही, हेही खरे.

वय मागे सरकण्याचा असाच प्रकार मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे घडला. १९६१ मध्ये खाणकामगारांना मिळालेली तिथली कवटी बराच काळ ४० हजार वर्षांपूर्वीची समजली जात होती. नव्या उत्खननात, न हललेल्या थरांत, चुलीच्या धगीने तापलेल्या गारगोट्यांची हत्यारे मिळाली. गारगोटी तापली की तिच्यात साठलेली किरणोत्साराची नोंद पुसली जाते आणि नव्याने सुरू होते. म्हणून ती पुन्हा तापवून निघणारा प्रकाश मोजला की शेवटची धग केव्हा लागली ते कळते. उत्तर आले सुमारे ३ लाख १५ हजार वर्षे, आणि आपल्या स्वतःच्या प्रजातीचा आरंभ एक लाख वर्षांनी मागे गेला.

प्रश्न : गुहा अंधारी असते. मग सूर्यप्रकाशावर आधारलेली कालमापनाची पद्धत तिथे कशी चालते? (सोलापुरातील भौतिकशास्त्राचे विद्यार्थी)

उत्तर : अडचण बरोबर ओळखलीत. त्या पद्धतीत वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन केव्हा पडले ते मोजतात. वाऱ्याने किंवा पाण्याने बाहेरून आत आलेल्या कणांना ती लागू पडते. छताचा खडक झिजून पडलेल्या कणांनी ऊन कधी पाहिलेलेच नसते आणि ते भलतेच जुने वय दाखवतात. म्हणून हल्ली एकेक कण स्वतंत्रपणे तपासतात. नमुना घेताना पोलादी नळी छेदात ठोकून, दोन्ही तोंडे प्रकाश न शिरेल अशी बंद करून नेतात आणि प्रयोगशाळेत ती मंद लाल दिव्यातच उघडतात.

प्रश्न : आपल्या जिल्ह्यातला काळा पाषाण सहा कोटी वर्षांहून जुना आहे म्हणतात. मग त्यावर मिळालेली दगडी हत्यारेही तेवढीच जुनी मानायची का? आणि इतका जुना प्रदेश असून आपल्याकडे आदिमानवाची हाडे का सापडत नाहीत? (अक्कलकोट येथील वाचक)

उत्तर : पाषाणाचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे हे वय लाव्हा थंड होऊन घट्ट झाला त्या घटनेचे आहे. त्या दगडाची कुऱ्हाड कोणी कधी घडवली, याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्वालामुखीच्या पदार्थांचे वय उपयोगी पडते ते राखेच्या बाबतीत, कारण राख एका झटक्यात पडते आणि तिच्या खालचे सारे जुने, वरचे सारे नवे, असे म्हणता येते. पण तिथेही सावध राहावे लागते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे असा राखेचा थर आहे आणि त्याच्या संबंधात दगडी हत्यारेही मिळाली आहेत. त्या राखेचे वय एका मापनात १४ लाख, दुसऱ्यात सुमारे ६ लाख ७० हजार आले, तर रासायनिक घडण पाहून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे असे काहींनी मांडले. वाहून आलेल्या राखेत जुन्या खडकाचे स्फटिक मिसळले, तर वय फसवे येते, हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा आहे.

हाडांच्या बाबतीत आपला भूगोल आड येतो. पाण्याने विरघळून खोल नैसर्गिक गुहा तयार होतात त्या चुनखडकात. बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, तशा होत नाहीत आणि महाराष्ट्रातील प्रसिद्ध लेणी ही तर माणसाने ऐतिहासिक काळात कोरलेली आहेत. चुनखडकातील गुहेत पाणी चुन्याने भारलेले असते, तापमान फारसे हलत नाही, ऊन-पाऊस लागत नाही. हाड टिकायला हे अनुकूल असते. उघड्यावर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि मोसमी पावसात, ते लवकर झिजून जाते. आपल्याला सर्वांत जवळची अशी गुहांची रांग आंध्र प्रदेशात कर्नूल भागात आहे. तिथल्या बिल्ला सुरगम गुहांत भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या पुढाकाराने १८८०च्या दशकातच उत्खनन झाले आणि प्राण्यांची भरपूर हाडे मिळाली.

मात्र प्राचीन माणूस आपल्या आसपास नव्हता असे अजिबात नाही. कलबुर्गी ओलांडून पुढे गेले की यादगीर जिल्ह्यात हुणसगी खोऱ्यातले इसामपूर लागते. तिथे चुनखडकाचे तुकडे काढून हातकुऱ्हाडी घडवण्याची एक अख्खी जागा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी उजेडात आणली. सोबत मिळालेल्या प्राण्यांच्या दातांचे वय सुमारे १२ लाख वर्षे आले. हत्यारे आहेत, त्यांनी खाल्लेल्या प्राण्यांचे दात आहेत; ती करणाऱ्याचे मात्र एकही हाड नाही. भारतात आदिमानवाच्या हाडांचा म्हणण्यासारखा पुरावा म्हणजे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे मिळालेला कवटीचा भाग. तो नर्मदेच्या गोट्यांच्या थरात होता, म्हणजे नदीने आणून टाकलेला. म्हणूनच त्याच्या वयावर अजून एकमत झालेले नाही. हीच कवटी एखाद्या गुहेत चुन्याच्या पापुद्र्याखाली मिळाली असती, तर हा वाद इतकी वर्षे लांबला नसता असे मला वाटते.

प्रश्न : डीएनए तपासून वय का सांगत नाहीत? (पंढरपूर)

उत्तर : डीएनएवरून नाते कळते, वय फार तर अप्रत्यक्षपणे आणि ढोबळ मिळते. शिवाय उष्ण प्रदेशात तो टिकत नाही. सायबेरियातील थंड डेनिसोव्हा गुहेत दोन हजारांहून अधिक अनोळखी हाडांचे तुकडे कोलॅजेनवरून तपासताना मानवाचा एक लहानसा तुकडा हाती लागला आणि त्याच्या डीएनएवरून ती मुलगी निअँडरथल आई व डेनिसोव्हन बाप (हे दोन्ही आता नामशेष झालेले मानवगट) यांची असल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले. स्पेनमधील सिमा दे लोस उएसोस या खोल खड्ड्यातील सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतूनही डीएनए मिळाला आहे. नालेदीच्या हाडांतून मात्र प्रयत्न करूनही मिळालेला नाही.

प्रश्न : सीना नदीकाठची दरड पावसाळ्यात कोसळली. तिच्यात दगडासारखे जड झालेले हाड दिसले. मुलांनी ते काढून घरी आणले आणि धुऊन ठेवले आहे. आता काय करावे? तिथे आणखी खणून पाहावे का? (मोहोळ तालुका)

उत्तर : कृपया खणू नये. केंद्र शासनाच्या परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही हे तर आहेच. पण परवान्याचा प्रश्न नसता, तरी माझे उत्तर हेच असते. आपल्या नद्यांच्या जुन्या गाळात प्राण्यांचे जीवाश्म मिळतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठावर हत्ती आणि पाणघोडा यांचे अवशेष मिळाले आहेत. आपल्याकडील हाडही बहुधा एखाद्या प्राण्याचेच असेल. तरीही ते कोणत्या थरातून आले यावर त्याचे निम्मे मोल अवलंबून आहे.

जर्मनीच्या निअँडर खोऱ्यात १८५६ मध्ये काय झाले ते या संदर्भात सांगण्यासारखे आहे. चुनखडकाच्या खाणीतील कामगारांनी एका गुहेतला गाळ फावड्याने ओढून खाली लोटला. त्यातली मोठी हाडे योहान कार्ल फुलरॉट या शिक्षकाच्या जाणकारीमुळे वाचली. पण तो देह कसा होता, सोबत काय होते, हे सांगणारे थर गेले आणि पुढे खाणीत गुहाही नाहीशी झाली. १९९७ ते २०००च्या दरम्यान दोन पुरातत्त्वज्ञांनी तो फेकलेला गाळ नेमका कुठे पडला असेल हे शोधून तिथे उत्खनन केले, आणि त्यात मिळालेला हाडाचा एक तुकडा १८५६च्या मांडीच्या हाडाला तंतोतंत जुळला. त्या हाडांचे सुमारे ४० हजार वर्षे हे वय त्यानंतरच ठरू शकले. थरांची माहिती मात्र परत मिळाली नाही.

आपल्या बाबतीत अजून बरेच करता येण्यासारखे आहे. मुलांना घेऊन त्या जागी जावे, हाड जिथून काढले तिथली खाच त्यांना दाखवायला सांगावी आणि शेजारी काठी किंवा टेप उभी धरून पूर्ण दरडीचे व त्या खाचेचे जवळून छायाचित्र घ्यावे. नदीच्या तळापासून आणि दरडीच्या माथ्यापासून खाच किती अंतरावर आहे ते मोजावे. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जतन करावेत. मातीचा रंग, गोट्यांचा थर वर आहे की खाली, एवढे लिहून ठेवले तरी पुष्कळ. हाड पुन्हा धुऊ नये, त्यावर फेव्हिकॉल किंवा वॉर्निश लावू नये आणि तुटलेले तुकडे जोडू नयेत. पूर्ण वाळल्यावर ते कागदात गुंडाळून खोक्यात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. खाचेत उरलेल्या मातीला हात लावू नये, कारण नमुना घेण्याची वेळ आली तर ती तिथूनच घ्यावी लागेल.

त्यानंतर तहसील कार्यालयात लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तज्ज्ञांचे मत हवे असल्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाशी किंवा आपल्या सोलापूर विद्यापीठाशी छायाचित्रांसह पत्रव्यवहार करावा. पत्रासोबत हाड पाठवू नये. आणि दरडीत हलके, दगड न झालेले, माणसाचे वाटणारे एखादे हाड दिसले, तर ते जागचे न हलवता आधी पोलीस ठाण्यात कळवावे.